ओझर विमानतळावर दोन फ्लाइटच्या मधे पाच-सहा तास आहेत? नाशिक बघून घ्या

आधी तिकीट बघा. दोन्ही फ्लाइट एकाच पीएनआरवर असतील तर बॅग थेट पुढे जाणार का ते पहिल्या चेक-इनलाच विचारा, वेगळी तिकिटं असतील तर बॅग सोबत येणार आणि परत चेक-इन करावं लागणार, ते काउंटर तासभर आधी बंद होतं. त्यामुळे दीड-दोन तास आधी परत ओझरला पोचायचंच.

विमानतळ शहरापासून साधारण वीस किलोमीटर, रस्ता आग्रा हायवेचा. टॅक्सी जाऊन-येऊन ठरवा, परतीची शोधत बसू नका.

आता जायचं कुठे? सरळ पंचवटी, कारण तिथे सगळं पायी होतं. काळाराम मंदिर बघाच, १९३० साली बाबासाहेबांनी प्रवेशासाठी सत्याग्रह केला तो इथेच. जवळच सीतागुंफा, पण वाकून आणि बसत आत जावं लागतं, गुडघे दुखत असतील तर सोडा. मग खाली गोदाघाटावर या. दुतोंड्या मारुती दिसेल, पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला यावरून अख्खं नाशिक पुराचा अंदाज घेतं! शेजारी नारोशंकराच्या मंदिराची घंटा बघा, वसईच्या विजयाची आठवण म्हणून सांगतात.

भूक लागली की मिसळच खा, पापड सोबत मिळतो, तर्री वेगळी मागा.

त्र्यंबकेश्वर मात्र या वेळेत अजिबात नको, ते शहराच्या पार दुसऱ्या बाजूला आणि दर्शनाची रांग किती लागेल काही नेम नसतो.