मोबाईल येतो, पण फाईल सापडत नाही

ऑनलाइन कोर्सला बसलो तेव्हा तंत्रज्ञानाची धास्ती अजिबात नव्हती. दिवसभर मोबाईल हातात, अडणार कुठे? अडलो पहिल्याच असाइनमेंटला. पंधरा पानं हाताने लिहून फोटो काढले, तर सबमिटच्या पानावर सूचना: एकच पीडीएफ, ५ एमबीच्या आत. मुदत रात्री बाराची आणि घड्याळात पावणेबारा. कशीबशी एक फाईल चढवली, ती निघाली दुसऱ्याच विषयाची.

मग मी सांगत सुटलो, ऑनलाइन शिक्षणात काही राम नाही. खरं तर शिकवणं छान होतं. नकोसं होतं ते दर वेळी अडाणी ठरणं. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं 'टेक्नॉलॉजी ॲक्सेप्टन्स मॉडेल' पुढे वाचनात आलं आणि हसू आलं. एखादं साधन उपयोगी वाटतं का आणि सोपं वाटतं का, यावर माणूस ते स्वीकारतो. आणि जे सोपं वाटत नाही, ते उपयोगीही कमी वाटतं. माझं नेमकं तेच झालं होतं.

लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये तरुण पिढीला 'डिजिटल नेटिव्ह', म्हणजे लहानपणापासून डिजिटल जगातच वाढलेली, म्हटलं. या कौतुकाने आमचं नुकसानच झालं असं मला वाटतं. 'येत नाही' म्हणायचीच चोरी!

तेव्हा कोर्स सुरू होण्याआधी एक संध्याकाळ काढा. डाउनलोड केलेली फाईल कुठल्या फोल्डरमध्ये जाते ते शोधा. फोनवर ॲपच सगळं सांभाळतं, म्हणून ही सवयच नसते. फाईलच्या नावात विषय आणि तारीख घाला. 'फायनल', 'फायनल नवीन', 'आता खरंच फायनल' असली नावं घात करतात. स्कॅनरच्या ॲपने पाच-सहा पानांची एक पीडीएफ करून तिची साइज कमी करून बघा. आणि सबमिट केलेली फाईल तिथूनच परत उघडून पाहा. अर्ध्या मिनिटाचं काम, पण मी ते अजून चुकवत नाही.

हात बसला की तक्रार आपोआप कमी होते. मग उलटा धोका सुरू होतो: सगळंच सोपं वाटायला लागतं. दीडपट वेगाने व्हिडिओ संपवला की विषय समजलाच! मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्या स्मरणाची जास्त खात्री होती. आठवड्यानंतर जास्त आठवलं ते न बघता आठवून लिहिणाऱ्यांना. मीही व्हिडिओ बंद करून लिहायला बसलो. चाळीस मिनिटांच्या लेक्चरचं पहिल्या दिवशी कागदावर उतरलं ते जेमतेम अडीच ओळी.