कॅमेऱ्याच्या तपासणीसाठी लाइट कसा निवडायचा, कसा बसवायचा

कुपवाड एमआयडीसीत मशिनिंग केलेला बुश (धातूची छोटी पोकळ नळी) कॅमेऱ्याने तपासायचा ठरला, की पहिला प्रश्न येतो तो मेगापिक्सेलचा. आम्ही म्हणू, आधी लाइट ठरवा. फोटोत जो ओरखडा उमटलाच नाही, तो पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरला सापडत नाही.

खरेदीआधी एक साधी चाचणी करा. अंधार करून जॉब (म्हणजे तपासायचा भाग) काळ्या कागदावर ठेवा, कॅमेरा बरोबर वर धरा आणि मोबाइलचा टॉर्च आधी लेन्सजवळून, मग हळूहळू खाली आणत जॉबच्या पृष्ठभागालगत फिरवा. टॉर्च वर असताना गुळगुळीत धातूवरून प्रकाश सरळ लेन्समध्ये परततो. पृष्ठभाग चकाकतो, ओरखडा काळा दिसतो. हे ब्राइट फील्ड. टॉर्च पृष्ठभागाशी १०–१५ अंशांवर आला की सपाट भागावरचा प्रकाश पलीकडे निघून जातो आणि फक्त ओरखड्याची किंवा बरची (कापल्यावर कडेला उरलेल्या धातूच्या कुसाची) कड लेन्सकडे प्रकाश फेकते: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ. हे डार्क फील्ड. यासाठी लो-अँगल रिंग लाइट लागतो आणि तो जॉबपासून साधारण १०–२० मिलिमीटरवरच बसवावा लागतो. वर उचलला की कोन वाढतो आणि डार्क फील्ड हातातून जातो. जॉब उतरवायला रोबोटचा ग्रिपर आत येणार असेल तर ही जागा आधीच मोजून घ्या.

आरशासारख्या सपाट जॉबला कोअ‍ॅक्सिअल लाइट लावतात. त्यात लेन्सच्या रेषेतूनच प्रकाश खाली पाठवणारा अर्धपारदर्शक आरसा असतो. प्रकाश एकदा जाताना निम्मा, एकदा येताना निम्मा होतो, म्हणजे जास्तीत जास्त २५ टक्केच सेन्सरपर्यंत पोहोचतो. कमी पॉवरचा घेतला तर पुढे एक्सपोजर (एका फोटोसाठी सेन्सर प्रकाश घेतो तो वेळ) पुरत नाही.

व्यास किंवा भोक मोजायचे असेल तर बॅकलाइट, म्हणजे जॉबच्या मागून येणारा प्रकाश. इथे नेहमी फसणारी गोष्ट म्हणजे मोठा बॅकलाइट जॉबला चिकटवून ठेवणे. तिरके किरण गोल कडेला वळसा घालून येतात, कड धूसर होते आणि शाफ्टचे माप कमी येते. बॅकलाइट लांब ठेवा, दिसणाऱ्या क्षेत्राबाहेरचा भाग काळ्या पट्टीने झाका. माप अगदी काटेकोर हवे असेल तर समांतर किरणांचा लाइट आणि टेलिसेंट्रिक लेन्स (जॉब जवळ-लांब झाला तरी माप न बदलणारी) अशी जोडीच घ्यावी.

सांगलीतल्या हळद पॅकिंगच्या लाइनवर प्रश्न वेगळा असतो: सुरकुतलेले चकचकीत पाकीट आणि त्यावरची तारीख. चकाकी घालवायला डोम लाइट उत्तम, कारण तो सगळ्या बाजूंनी मऊ प्रकाश देतो. डोमला जागा नसेल तर लाइटवर एक आणि लेन्सवर त्याला काटकोनात फिरवलेला दुसरा पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर) लावा. प्रकाश पावपट किंवा त्याहून कमी उरेल, हे गृहीत धरा. उघड्या धातूवर मात्र ही युक्ती करू नका. तिथे जवळजवळ सगळा प्रकाश चकाकीतूनच येतो, त्यामुळे जॉबच काळा पडतो.

रंग निवडताना कॅमेरा मोनोक्रोम (कृष्णधवल) आहे असे धरून विचार करा. पिवळ्या पाकिटावर काळी छपाई असेल तर लाल लाइट (सुमारे ६३० नॅनोमीटर) घ्या. पिवळे पांढरे दिसते, वर पडलेली हळदीची धूळसुद्धा त्यात मिसळून जाते. छपाई लाल असेल तर हाच लाइट तारीख पुसून टाकतो, कारण लाल आणि पिवळे दोन्ही उजळतात. निळ्यात (४७० च्या आसपास) दोन्ही काळवंडतात. हिरव्यात (५२५ च्या आसपास) पिवळे उजळ राहते, लाल काळे पडते आणि तारीख वाचता येते.

कन्व्हेयर चालू असताना एक्सपोजरचे गणित करा. वेग सेकंदाला ३०० मिलिमीटर आणि एक्सपोजर १ मिलिसेकंद असेल, तर फोटो ०.३ मिलिमीटर ओढला जातो. एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा असेल तर एक्सपोजर ०.३ मिलिसेकंदाच्या आत आणा. तेवढ्या वेळात पुरेसा प्रकाश हवा म्हणून स्ट्रोब वापरतात: कंट्रोलर एलईडीला क्षणभरच जास्त करंट देतो. किती करंट, किती वेळ, ही उत्पादकाने दिलेली मर्यादा ओलांडली तर एलईडी जळतो.

शेडमधल्या ट्यूबलाइट ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. छोट्या एक्सपोजरमध्ये एक फोटो उजळ, पुढचा मंद येतो. छताच्या पारदर्शक पत्र्यातून दुपारी येणारे ऊन त्याहून त्रासदायक. पडताळणी सोपी आहे. एक्सपोजर तेच ठेवून मशीनचा लाइट बंद करा आणि फोटो घ्या. ग्रे व्हॅल्यू (पिक्सेलचा उजळपणा: ० काळा, २५५ पांढरा) १० च्या वर गेली तर बाहेरचा प्रकाश शिरतो आहे. काळे आवरण घाला, लेन्सवर लाइटच्याच रंगाचा बँडपास फिल्टर (फक्त तोच रंग आत सोडणारा) लावा.

सेटिंग लाइट १५–२० मिनिटे तापल्यावरच करा. तापल्यावर एलईडी मंदावतो, लाल सगळ्यात जास्त. पार्श्वभूमी उजळ असेल तिथे तिची ग्रे व्हॅल्यू १८०–२०० च्या आसपास ठेवा. २५५ ला टेकली तर तिथला तपशील गेला. कॅमेऱ्याखाली एक पांढरी पट्टी कायम ठेवून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तिची ग्रे व्हॅल्यू लिहा. ती घसरली तर एक्सपोजर वाढवण्याआधी काच पुसा: मशीन शॉपमध्ये कूलंटचा थर असतो, हळदीच्या कारखान्यात पिवळी धूळ, आणि ही धूळ निळा प्रकाश सगळ्यात जास्त अडवते.