व्हर्च्युअल सीपीयूचे फ्लॅग तपासायला मी कशी शिकले

जुलैचा पहिला आठवडा. पणजीत पाऊस कोसळत होता आणि माझ्या स्क्रीनवर एकच ओळ अडकून बसली होती: ‘फेटल ग्लिबसी एरर: सीपीयू डझ नॉट सपोर्ट एक्स८६-६४-व्ही२’. तिच्याखाली कर्नल पॅनिक, म्हणजे लिनक्सचा गाभाच थांबलेला. फर्मागुडीहून इंजिनिअरिंग करून नोकरीला लागल्याला तीन महिने झाले होते. काम साधं होतं, अल्मालिनक्स ९ (रेड हॅट लिनक्सच्या घराण्यातली प्रणाली) चं एक नवं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला संगणक, उभं करायचं. सर्व्हर दणकट होता, त्यामुळे सीपीयूवर संशय घ्यावा असं मनातही आलं नाही. मी आयएसओ पुन्हा उतरवली, चेकसम जुळवला, रॅम वाढवली. सगळी दुपार त्यात गेली.

आमचे सीनियर डिचोलीचे. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, “सर्व्हरचं राहू दे गो. आतल्या मशीनला कुठला सीपीयू दिलायस?”

मी दिलाच नव्हता. ऑफिसातल्या जुन्या स्क्रिप्टमध्ये मॉडेलचं नावच नव्हतं. नाव दिलं नाही की क्यूएमू, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतःचं ठरलेलं मॉडेल घेतं, क्यूएमू६४. हा प्रोसेसर बाजारात कधीच आला नाही. कुठल्याही ६४ बिट मशीनवर चालावा म्हणून तो मुद्दाम कमीत कमी गोष्टींवर बेतलेला आहे. त्यात एसएसएसई३ हा इन्स्ट्रक्शनचा संच नाही, एसएसई ४.१ नाही, ४.२ नाही. मे २०२२ मध्ये आलेल्या रेड हॅट ९ च्या घराण्याला मात्र किमान व्ही२ पातळी (सीपीयूला कुठल्या इन्स्ट्रक्शन यायला हव्यात याची ठरलेली पायरी) लागते, आणि हे तिन्ही त्या पातळीचे भाग आहेत. म्हणून बूट होताना पहिलाच प्रोग्रॅम मेला. स्क्रिप्टमध्ये मॉडेल ‘होस्ट’, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या सीपीयूसारखं, केलं आणि मिनिटाभरात लॉगिन आलं.

संध्याकाळी फोंड्याच्या कदंब बसमध्ये बसले तेव्हा डोक्यात एकच प्रश्न होता. बाणस्तारीचा पूल ओलांडला तरी तो सुटला नव्हता: हे मला आधी कळलं असतं, तर नेमकं कुठे बघून?

त्याचं उत्तर मिळायला काही महिने लागले. या कामात नव्याने येणाऱ्यांना ते पहिल्याच आठवड्यात मिळावं म्हणून लिहितेय. मॉडेलच्या नावावर विसंबू नका. तीन ठिकाणी विचारा: होस्टकडे (खऱ्या सर्व्हरकडे) काय आहे, क्यूएमूने त्यातलं काय द्यायचं कबूल केलं, आणि गेस्टला (आतल्या मशीनला) शेवटी काय दिसतं. तिन्ही याद्यांमधली तफावत सापडली की बहुतेक वेळा दोषही सापडतो.

पहिली आणि तिसरी यादी सोपी. लिनक्सवर प्रॉक फोल्डरातली सीपीयूइन्फो फाइल उघडा, ‘फ्लॅग्ज’ची ओळ वाचा. एकेक फ्लॅग म्हणजे सीपीयूला एखादी गोष्ट येते अशी खूण. होस्टवर वाचा, मग गेस्टमध्ये शिरून वाचा. गेस्टमध्ये ‘हायपरव्हायझर’ नावाचा एक जास्तीचा फ्लॅग दिसेल. तो दिसायलाच हवा, घाबरू नका. एक्स२एपिकसारखी (इंटरप्ट हाताळायची) गोष्ट होस्टकडे नसली तरी केव्हीएम, म्हणजे लिनक्स कर्नलमधला व्हर्च्युअल मशीन चालवणारा भाग, स्वतः पुरवू शकतं. त्यामुळे गेस्टची यादी म्हणजे होस्टच्या यादीतून काही वजा केलेली, असं धरून चालू नका.

आणि नावं जुळत नाहीत! यात माझा अख्खा एक दिवस गेलाय. एसएसई३ लिनक्सच्या यादीत ‘पीएनआय’ म्हणून येतं. प्रेस्कॉट प्रोसेसरच्या काळातलं ते नाव तसंच चिकटून राहिलं. लिनक्स एसएसई ४.१ लिहिताना मध्ये अंडरस्कोर घालतं, क्यूएमू टिंब घालतं. तेव्हा शोधताना बिट धरा. सीपीयूला काय येतं ते सीपीयूआयडी ही इन्स्ट्रक्शन सांगते, आणि तिच्या उत्तराच्या पानांना लीफ म्हणतात. एव्हीएक्स२ म्हणजे सीपीयूआयडीचं सातवं लीफ, ईबीएक्स रजिस्टर, पाचवा बिट. नाव काहीही असो, तो पत्ता बदलत नाही.

खरी शिकण्याची जागा मधली यादी आहे. क्यूएमू सुरू करताना सीपीयूच्या पर्यायाला ‘हेल्प’ दिलं की मॉडेलं आणि फ्लॅग यांची लांबलचक यादी येते. पण त्यातलं काय तुमच्या मशीनवर चालेल, हे ती सांगत नाही. त्यासाठी क्यूएमपी, म्हणजे क्यूएमूशी जेसनमधून बोलायचं सॉकेट. जोडल्यावर पहिली आज्ञा ‘क्यूएमपी_कॅपेबिलिटीज’चीच (इथे हायफन नाही, अंडरस्कोर) द्या, त्याशिवाय ते दुसरं काही ऐकत नाही. मग ‘क्वेरी-सीपीयू-डेफिनिशन्स’ विचारा. प्रत्येक मॉडेलसोबत न मिळणाऱ्या फीचर्सची यादी येते. ती रिकामी असेल तर ते मॉडेल इथे चालतं. ‘क्वेरी-सीपीयू-मॉडेल-एक्स्पान्शन’ एखादं मॉडेल सोलून त्यातला एकेक फ्लॅग खरा की खोटा ते दाखवतं. मशीनचा प्रकार ‘नन’ ठेवला तरी ही विचारपूस करता येते, डिस्क लागत नाही. मात्र ती केव्हीएमखाली केली की टीसीजीखाली (क्यूएमूचा सॉफ्टवेअरनेच सीपीयूची नक्कल करणारा भाग), हे टिपून ठेवा, कारण उत्तरं वेगळी येतात. टीसीजी प्रत्येक इन्स्ट्रक्शन स्वतः भाषांतरित करतं, म्हणून त्याला जेवढं शिकवलंय तेवढंच ते देतं. एव्हीएक्स२ त्याला ७.२ आवृत्तीत, डिसेंबर २०२२ मध्ये आलं.

आता ‘एन्फोर्स’. माझ्या मते हा शब्द प्रत्येक स्क्रिप्टमध्ये असायलाच हवा. तो नसताना, मागितलेलं फीचर होस्टकडे नसेल तर क्यूएमू एक वॉर्निंग छापून पुढे जातं, आणि ती वॉर्निंग लॉगच्या ढिगात कोणी वाचत नाही. एन्फोर्स असेल तर मशीन सुरूच होत नाही. आमच्याकडे ‘हॅसवेल’ मॉडेल वर्षानुवर्षं मागितलं जात होतं. इंटेलच्या मायक्रोकोडने (सीपीयूच्या आतल्या, अपडेट होणाऱ्या कोडने) टीएसएक्स ही सोय बंद केली, एचएलई आणि आरटीएम हे फ्लॅग गेले, तरी कोणाला पत्ता नाही. अशा होस्टसाठी ‘नोटीएसएक्स’ शेपटीची वेगळी मॉडेलं आहेत, ती घ्या.

याचा फटका लाइव्ह मायग्रेशनच्या वेळी बसतो. ग्लिबसी, म्हणजे लिनक्समधली मूळ सी लायब्ररी, प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच सीपीयू बघते आणि मेमरी कॉपी करायचं फंक्शन निवडते. एव्हीएक्स२ बघून निवड झाली आणि चालू मशीन एव्हीएक्स२ नसलेल्या सर्व्हरवर हलवलं, तर प्रोग्रॅम ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत मधेच कोसळतो. म्हणून ज्या दिवशी ‘होस्ट’ मॉडेलने माझं काम झालं, त्याच दिवशी सीनियरनी बजावलं होतं, “एकट्या मशीनला हे चालेल. दोन वेगळे सर्व्हर आले की दोघांना झेपेल असं मॉडेल नाव घेऊन माग.”

हे शिकायला सर्व्हर लागत नाही. मी फोंड्याला घरी जुन्या लॅपटॉपवर सराव केला. पावसात वीज जायची तेव्हा बॅटरीवर, पडद्याशिवाय चालणारी लहान मशीनं पुरायची. तुमच्या लॅपटॉपच्या फ्लॅगमध्ये इंटेल असेल तर व्हीएमएक्स, एएमडी असेल तर एसव्हीएम दिसतं का बघा; केव्हीएमला ते लागतं. दिसत नसेल तर आधी बायोस उघडा, ते तिथे बंद असू शकतं. मग ‘मॅक्स’ मॉडेल एकदा केव्हीएमखाली आणि एकदा टीसीजीखाली सोलून दोन फाइलींत साठवा, आणि डिफ लावा. जो फ्लॅग वेगळा दिसेल त्याचा बिट इंटेलच्या मॅन्युअलमध्ये शोधा. मी रोज पाच शोधायचे, वहीत एका रकान्यात लिनक्सचं नाव, दुसऱ्यात क्यूएमूचं, तिसऱ्यात लीफ आणि बिट. चवथीच्या सुट्टीपर्यंत ती वही अर्धी भरली होती, आणि ऑफिसात जुनी स्क्रिप्ट दुरुस्त करायचं काम माझ्याकडे आलं.