तडजोडीचा शेवटचा हप्ता फिटल्यावर घरचे आर्थिक गणित पुन्हा कसे बसवावे

थकलेल्या कर्जाबाबत बँकेशी लेखी तडजोड करून ठरलेले सर्व हप्ते भरले, की देणे संपते. मात्र ते कागदोपत्री संपले आहे याची खात्री कर्जदारालाच करून घ्यावी लागते आणि सुरुवात तेथूनच करावी.

प्रथम बँकेकडून ना-देय दाखला घ्यावा. त्यात कर्जखात्याचा क्रमांक, शेवटच्या भरण्याची तारीख आणि या खात्यावर काहीही येणे बाकी नसल्याचे स्पष्ट वाक्य असावे. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले असेल, तर दाखला त्या कंपनीकडून घ्यावा लागतो. तडजोडीचे मंजुरीपत्र आणि भरण्याच्या पावत्याही त्यासोबत जपून ठेवाव्यात. पुढील तारखांचे धनादेश परत मागावेत आणि खात्यातून आपोआप हप्ता वळता करण्याची परवानगी रद्द करावी. घर तारण असेल, तर कर्ज पूर्ण फिटल्यापासून किंवा तडजोड पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. बँकेच्या चुकीमुळे विलंब झाल्यास प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. वाहनाच्या नोंदणीवरील बँकेचे नाव आरटीओकडून कमी करून घ्यावे. शेतजमीन तारण असल्यास बँकेचे पत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करावा आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा फेरफाराने उतरल्याचे नव्या उताऱ्यावर पाहावे. हे काम मागे पडते आणि अनेक वर्षांनी, वाटणीच्या किंवा विक्रीच्या वेळी, नेमके आडवे येते. जामीनदाराला दाखल्याची प्रत न मागता द्यावी, कारण तुमच्या थकबाकीचा डाग त्याच्याही पतअहवालावर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालावर (क्रेडिट रिपोर्टवर), पडलेला असू शकतो.

साधारण महिन्याभराने पतअहवाल तपासावा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य देणे बंधनकारक आहे. खात्यावरील बाकी शून्य दिसली पाहिजे. नोंद चुकीची असल्यास बँकेकडे आणि त्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

बँकेने काही रक्कम सोडून दिली असेल, तर अहवालात ‘क्लोज्ड’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा येतो. ती चूक नव्हे, त्यामुळे तक्रारीने तो जात नाही. सोडलेली रक्कम नंतर भरून शेरा बदलून देण्यास काही बँका तयार होतात. गृहकर्जाची निकड जवळ असेल आणि बँक तसे लेखी देत असेल, तरच हा मार्ग धरावा. अन्यथा तो पैसा आधी घरच्या शिल्लकीत जाणे अधिक शहाणपणाचे. पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये.

पुढचे काम शिल्लक उभारण्याचे. तडजोडीच्या हप्त्याइतकी रक्कम दरमहा बाजूला काढण्याची सवय घराला लागलेलीच असते. ती मोडण्यापूर्वी त्याच तारखेचे आवर्ती ठेव खाते उघडावे. तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत या पैशाला हात लावू नये. पतसंस्थेचा व्याजदर अधिक असला, तरी बँक ठेवींना मिळणारे पाच लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण तेथे नसते, आणि भिशीला तर कागदाचाही आधार नसतो. दवाखान्याच्या खर्चाने पुन्हा कर्जात ढकलू नये म्हणून आरोग्य विमा घ्यावा. वयाच्या अटीत बसत असल्यास वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना चुकवू नये.

नव्या कर्जाची घाई नको. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ मधील नियमांनुसार तडजोड केलेल्या कर्जदाराला तीच संस्था किमान १२ महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जासाठी हा काळ बँकेचे धोरण ठरवते. दरम्यान पत सुधारण्यासाठी लहान मुदत ठेवीवर मिळणारे क्रेडिट कार्ड पुरेसे आहे. त्यावर किराणा किंवा वीजबिलासारखा एखादाच खर्च करावा, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहावे आणि देय तारखेपूर्वी पूर्ण बिल भरावे. ‘किमान देय रक्कम’ भरून उरलेल्यावर व्याज वाढू देणे म्हणजे जुन्याच वाटेला लागणे होय. एकाच वेळी अनेक ठिकाणी अर्ज करू नयेत, कारण प्रत्येक चौकशी अहवालात नोंदली जाते. झटपट कर्ज देणारी ॲप या काळात फोनमध्ये नसलेलीच बरी. नात्यातल्या कोणासाठीही जामीन राहण्यास, वाईटपणा घेऊनही, नकार द्यावा.

पुढे घरासाठी किंवा व्यवसायासाठी कर्ज लागलेच, तर अर्जासोबत मंजुरीपत्र, ना-देय दाखला आणि त्यानंतरच्या वर्षभराचा खातेउतारा स्वतःहून जोडावा, आणि हप्ते का थकले होते हे एका परिच्छेदात लिहून द्यावे. अहवालातील शेरा शाखेला दिसणारच असतो. त्यामागचे कारण मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय तिला कळत नाही.