मधुमेहाच्या पायाला जखम झाली तर घरी काय करायचं, काय नाही

माझे काका पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेले, तिथून भाजी घेऊन घरी आले. बूट काढला तेव्हा मोज्याला तांबडा डाग होता. बूट उलटा केला तर आतून चिंचोका पडला. नातवंडं सकाळी चिंचोके खेळत बसली होती, त्यातलाच एक. त्यावर ते तीन तास चालले होते आणि त्यांना कळलंही नव्हतं. ती जखम भरायला पाच महिने लागले.

सगळा घोळ या न कळण्याचाच आहे. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या मज्जातंतूंवर परिणाम होतो आणि तळवा बधिर होत जातो. डॉ. पॉल ब्रँड 1946 नंतर तामिळनाडूत वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. त्या रोगातही पाय असाच बधिर होतो. बधिर पायाच्या त्याच जागेवर माणूस पुन्हा पुन्हा भार देतो, म्हणून जखम भरत नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. मधुमेहातही तसंच होतं. त्यामुळे ‘कुठलं मलम लावू?’ हा प्रश्न नंतरचा. आधी त्या जागेवरचं वजन काढायचं.

बधिरपणा घरीच तपासा

माणसाला आडवं करून डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, अशा सहा जागा. प्रत्येकाच्या शेंड्याला आपलं बोट एक-दोन सेकंद हलकंच टेकवा. दाबू नका, टोचू नका. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही तर पाय बधिर झालाय असं धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

रोज तळवा बघा

वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवून त्यावर पाय धरा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्यात का, टाचेच्या भेगेतून रक्त येतंय का, ते बघा. कुरूप किंवा घट्टा झाला असेल आणि त्यात काळपट ठिपका दिसत असेल तर आत रक्त साकळलेलं असू शकतं, म्हणजे खाली जखम तयार होतेय. ते ब्लेडने तासू नका. दुकानात मिळणारी कुरुपाची पट्टीही लावू नका. तिच्यातलं आम्ल आजूबाजूची चांगली कातडीही जाळतं.

जखम दिसली तर

हात धुवा. जखम सलाईनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, स्वच्छ गॉजने टिपा, वर कोरडा गॉज ठेवून सैलसर पट्टी बांधा आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, तंबाखू, राख यांतलं काहीही लावायचं नाही. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नको, त्यांनी नवी पेशी मरते. आणि गरम पाण्याचा शेक तर मुळीच नको. बधिर पायाला चटका कळत नाही. भाजल्याचं फोड आल्यावरच लक्षात येतं.

शेजारी मोजपट्टी ठेवून दर आठवड्याला जखमेचा फोटो काढा. चार आठवड्यांत ती जवळपास निम्मी झाली नसेल तर ‘हळूहळू भरेल’ म्हणत बसू नका, उपचार बदलायला हवेत का ते डॉक्टरांना विचारा.

वजन काढा

इथेच सगळे चुकतात. तळव्याच्या जखमेसाठी डॉक्टर पायाच्या मापाचं प्लास्टर किंवा खास बूट देतात, त्याने भार एकाच जागी न पडता सगळ्या तळव्यावर विभागला जातो. काका तो बूट बाहेर जाताना इमानेइतबारे घालायचे आणि घरात काढून ठेवायचे. देवघर, स्वयंपाकघर, संडास... ‘दोनच पावलं तर आहेत!’ आम्ही एक दिवस त्यांची ती दोन पावलं मोजली, तर दुपारपर्यंतच तीनशेच्या वर गेली. मग बूट पलंगाशीच ठेवायला लागलो. एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या रबराची, मऊ चप्पल चांगली, पण ती जखम भरल्यावर. उघड्या जखमेला तेवढी पुरत नाही.

रक्त पोहोचतंय का?

पायाच्या नाड्या तपासून घ्या. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब ताडून बघण्याची साधी चाचणी असते. घोट्याच्या आतल्या बाजूला, वर, काळपट कातडी आणि सूज असलेली जखम बहुधा रक्त परत वर नेणाऱ्या शिरांच्या बिघाडाची असते. तिला दाब देणारी पट्टी लागते. पण पायाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तुंबलेल्या असताना तीच घट्ट बांधली तर पाय काळा पडू शकतो, म्हणून चाचणी आधी, पट्टी नंतर. विडी-सिगारेट चालू असेल तर ती आजच बंद.

तातडीने जायचं ते केव्हा

लाली पसरतेय, घाण वास येतोय, पू आहे, बोट काळं-निळं पडलंय, ताप आहे किंवा साखर एकाएकी चढलीय, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. जखम नसताना पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल तरीही. अशा वेळी आतली हाडं मोडत असू शकतात, म्हणून चालवत नेऊ नका.

भरलेली जखम वर्षभरात पुन्हा उघडण्याचं प्रमाण मोठं आहे, तेव्हा पादत्राणं नीट निवडा. पाय सुजलेले असतात तेव्हा, म्हणजे संध्याकाळी, खरेदीला जा. घरून निघताना कागदावर उभं राहून पावलाची आकृती काढून कापून न्या आणि दुकानात ती बुटात सरकवून बघा. कागद कडेला दुमडला तर तो बूट परत ठेवा, दुकानदार ‘वापरून सैल होईल’ म्हणाला तरी.