आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांना सांभाळायचं कसं

संभाजीनगरची घाटी असो, अंबाजोगाई असो की तालुक्याचा खाजगी दवाखाना, पेशंटमागं जीप भरून माणसं येतात. डबा, पांघरुणं कुणीतरी बघतंच. रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला गाठा. मोफत उपचाराच्या महात्मा फुले योजनेचं काम त्याच्याकडं. डॉक्टरांशी बोलायला दोघंच ठरवा, त्यातल्या एकाच्या हातात वही.

"धीर धरा, देव आहे" म्हणणारे पुष्कळ असतात. घरच्यांना पाहिजे असते माहिती, तीही गोष्ट घडायच्या आधी. मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

फवारणीच्या औषधाची विषबाधा घ्या. तिच्यावर उतारा म्हणून देतात ते ॲट्रोपिन चालू असलं की पेशंट बडबडतो, सलाईन ओढतो, माणसं ओळखत नाही. म्हणून हात बांधतात. आईनं हे अचानक पाहिलं की "लेकराला वेड लागलं" म्हणत ती बाहेर येते आणि कुणीतरी देवऋष्याचं नाव काढतंच. तिला आत सोडायच्या आधीच सांगा: तोंड लाल दिसेल, बाहुल्या मोठ्या दिसतील, काहीबाही बोलेल, हे उताऱ्याच्या औषधानं होतंय, ते औषध कमी झालं की उतरेल.

खरी बाचाबाची पुढं होते. ऑर्गॅनोफॉस्फरस या कीटकनाशकांच्या गटाचं विष असेल तर शुद्धीवर आलेल्या, पाणी मागणाऱ्या पेशंटलाही विष अंगात गेल्यापासून साधारण २४ ते ९६ तासांच्या मधे मान उचलता येईनाशी होते, श्वासाचे स्नायू ढिले पडतात आणि व्हेंटिलेटर लावावा लागतो. "काल बोलत होता, आज नळी? काय केलं तुम्ही?" काल ज्यानं "आता काही काळजी नाही" असं छातीठोक सांगितलं, तो पाहुणा तेव्हा हजर नसतो. असल्यांना गप्प बसवा.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, "पुढच्या चार दिवसांत काय बिघडू शकतं?" उत्तर सगळ्यांना एकदमच सांगा, घरच्या बोलीत: "ताकद येईपर्यंत मशीन श्वास देणार. नळी आवाजाच्या पडद्यांमधून जाते, म्हणून तो बोलू शकत नाही. वाचा गेलेली नाही." मग "समजलं का?" विचारू नका, माना सगळेच हलवतात. त्यांनाच परत सांगायला लावा. चुलता म्हणाला, "म्हणजे आता मशीनवरच राहणार," की पुन्हा पहिल्यापासून सांगा.

किती टक्के चान्स, हे रोज विचारून काही हाती लागत नाही. कालच्यापेक्षा ऑक्सिजन कमी लागतोय का, बीपी टिकवायचं औषध वाढवलं का, लघवी किती झाली, हे विचारा आणि वहीत तारखेखाली लिहा.

मण्यार चावलेल्याच्या पापण्या मिटतात, हातपाय हलत नाहीत, पण त्याला ऐकू येत असू शकतं. पलंगाशेजारी रडारड नको, वावराच्या वाटणीचा विषय तर नकोच. "अण्णा, दवाखान्यात आहात, श्वास मशीन देतंय," एवढं सांगा.

रात्री एकच माणूस ठेवा, फोन चार्ज केलेला. बाकीच्यांना शेवटच्या एसटीनं गावाकडं धाडा.