शरदात लिहायला बसण्याआधी

गोव्यात नव्याने लिहू लागलेल्या मुलामुलींच्या वह्या वाचताना पाऊस पानोपानी भेटतो. आश्विन-कार्तिकाच्या वाट्याला मात्र दोनच ओळी येतात, चांदण्याच्या आणि गार वाऱ्याच्या. खरं तर ऑक्टोबरात आपल्याकडे घामाच्या धारा लागतात. दुपार कलली की ढग गडगडू लागतात आणि कापून ठेवलेलं भात भिजेल म्हणून शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ती धास्ती लिहा. मला शरदात जे काही सुचलं, ते बहुतेक लोकांच्या कामाधामातून सुचलं.

सरद पिकाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी सुरू झाली की सत्तरी तालुक्यात किंवा दिवाडी बेटाच्या बाजूला एखाद्या शेतावर सकाळीच जा. घरधन्याला विचारून थोडा हात लावा. मूठ किती उंचीवर धरतात, पेंढी कशी बांधतात, हे नुसतं बघून कळत नाही. कापणीचं यंत्र येणार असेल, तर त्याची वाट बघत बांधावर बसलेल्यांच्या गप्पा ऐका. नावं आणि क्रियापदं तिथल्या तिथे टिपा. विशेषणं घरी आल्यावरही सुचतात.

नवरात्रात फोंड्याकडच्या देवळांत मखरोत्सव, म्हणजे देवाला सजवलेल्या मखरात बसवून झुलवण्याचा सोहळा, चुकवू नका. दिवाळीआधी गावोगाव मुलं रात्र रात्र जागून नरकासुराचा पुतळा उभा करतात, तिथेही जाऊन बसा.

माझं लाडकं मात्र कारीट. बोटभर लांबीचंही नसलेलं, हिरव्या सालीवर फिकट पट्टे असलेलं कडू फळ. नरकचतुर्दशीच्या पहाटे तुळशीपुढे ते डाव्या पायाखाली फोडतात, तेव्हा अंगणातल्या ओल्या मातीवर बिया उडतात. म्हापशाच्या बाजारात कारिटांचा वाटा लावून बसलेल्या एका बाईला मी विचारलं, हे कुठून आणता? त्यावर ती आधी म्हणाली, "खावपाक न्हय हां, फोडपाक." मग तिने रान, काटे, सकाळची पहिली बस असं सगळं सांगितलं. माझी एक अख्खी कथा त्या बोलण्यातून निघाली. तिचं कोकणी मी कोकणीतच ठेवलं. तुम्हीही ठेवा, पुस्तकी मराठीत आणलं की ते माणूस ओळखू येत नाही.

आता छापण्याबद्दल. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाला दिवाळी हा हक्काचा हंगाम मिळाला. पण या अंकांसाठीचं साहित्य बहुधा पावसाळ्यातच मागवलं जातं. म्हणजे या शरदातली टिपणं पुढच्या वर्षीच्या अंकासाठी. पहिला खर्डा तुळशीच्या लग्नापर्यंत उतरवा, कारण पुढे जत्रा सुरू होतात आणि वहीत नवी गर्दी होते. मे महिन्यात तो काढून मोठ्याने वाचा, जिथे चांदणं उगाच आलं असेल तिथे काट मारा आणि जूनमध्ये पाठवून द्या.